नगरच्या चौघी, बँकॉकच्या गर्दीत



“बँकॉकला? आणि नुसत्या बायका बायका?” आमच्या जाण्याची बातमी वस्तीत पसरली तेव्हा पहिला प्रश्न हा आला. विचारणारे भाऊ गालातल्या गालात हसत होते. बँकॉकचं नाव निघालं की आपल्याकडची पुरुषमंडळी अशी का हसतात, हे भगिनींना सांगायला नको. दुसरा प्रश्न घरातूनच आला. “एवढा पैसा घालायचा तर बोधगया करा, कुशीनगर करा. परदेश कशाला?” त्याचं उत्तर सोपं होतं. बोधगया आमची चौघींचीही बघून झाली होती. तिसरा प्रश्न मात्र मी स्वतः विचारला होता आणि त्याची मला आजही लाज वाटते. आजचा लेख खरं म्हणजे त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. बँकॉक ओघानं येईलच.

आमची चौघींची भिशी आहे. एक सिव्हिल हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या सिस्टर, एक अंगणवाडीच्या ताई, एक मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई, आणि चौथी आमची फुलवाली. ही पहाटे तीनला उठते. नगरच्या बाजारातून अकोळनेरची शेवंती, झेंडू, मोगरा जे मिळेल ते उचलते, उजाडेपर्यंत हार गुंफते आणि दुपारी एकपर्यंत टोपली रिकामी करून घरी येते. दर महिन्याला प्रत्येकी हजार रुपये, असे आम्ही चार वर्षं साठवले. जानेवारी २०२५ मध्ये जायचं ठरलं.

सिस्टरच्या घरी बैठक बसली. त्यात मी म्हणाले, “बाकी सगळं ठीक आहे, पण तिला कसं न्यायचं? तिला अक्षर वाचता येत नाही. परमुलखात ती हरवली तर?” एवढं बोलून मान वर केली तर ती दारात उभी होती. हातात आमच्यासाठी आणलेल्या शेवंतीच्या वेण्या होत्या. ती काही बोलली नाही. वेण्या दिल्या, चहा प्यायली आणि जाताना म्हणाली, “बाई, माझे पैसं भिशीतच राहू द्या. म्या नाय येत.”

सिस्टरनी मला नंतर चांगलंच सुनावलं. दोन दिवसांनी मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली, तेव्हा कुठं ती तयार झाली.

पासपोर्टवरचा शिक्का

पासपोर्ट चौघींचेही नवे. तिचा पासपोर्ट हातात आला तेव्हा त्यावर ‘ईसीआर’ अशी अक्षरं होती. आमच्या तिघींच्या पासपोर्टवर ती नव्हती. पन्नाशीच्या आतल्या आणि दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे ही नोंद येते. तिचा अर्थ असा, की ठरावीक अठरा देशांत नोकरीला जायचं असेल तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागते. त्या यादीत आखाती देशांबरोबर थायलंडही आहे. अशिक्षित मजुरांना एजंटांनी फसवू नये म्हणून ही व्यवस्था आहे. फिरायला जाणाऱ्याला ही परवानगी लागत नाही. मात्र परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे जवळ ठेवावेत. वाचकांपैकी कुणी जाणार असेल तर हे ध्यानात ठेवा. आम्ही गेलो तेव्हा भारतीय पर्यटकांना थायलंडचा व्हिसा लागत नव्हता. असे नियम बदलत असतात, चौकशी करूनच निघावं. मे २०२५ पासून तर निघण्याआधी ऑनलाइन आगमनाचा फॉर्मही भरावा लागतो.

मुंबईच्या विमानतळावर आम्ही तिघी खिडकीतून झटकन पुढं गेलो. तिला थांबवलं. साहेबांनी चार प्रश्न विचारले. कुठं चाललात, कुणाबरोबर, परत कधी, काम काय करता? तिनं पदराआडच्या पिशवीतून कागद काढले. तिकीट, हॉटेल, बँकेचं पुस्तक, सगळे क्रमानं लावलेले. वाचता येत नसलं तरी कुठला कागद कुठला हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिकिटाच्या कोपऱ्याला तिनं तांबडा दोरा ओवला होता, हॉटेलच्या कागदाला पिवळा. “हार बांधायचा मी, फुलं विकायचा मी,” असं काहीसं नगरी बोलीत सांगून ती हसत बाहेर आली. माझाच जीव खालीवर होत होता.

नगरहून महानखोनला

मुंबईहून चार-साडेचार तासांत विमान बँकॉकला उतरतं. घड्याळ दीड तास पुढं करावं लागतं. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. पाली ग्रंथांत हे नाव येतं आणि सम्राट अशोकाच्या काळी सोण व उत्तर हे दोन थेर धम्म घेऊन सुवर्णभूमीला गेले असं सिंहली परंपरा सांगते. ते ठिकाण नेमकं कोणतं याबद्दल विद्वानांत वाद आहेत, पण पाटीवर ते नाव बघून बरं वाटलं.

थाई लोक या शहराला बँकॉक म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘क्रुंग थेप महानखोन’. थेप म्हणजे देव आणि महानखोन म्हणजे आपलं महानगर. ‘नखोन’ हा ‘नगर’चाच अवतार. आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं असलं तरी तोंडात अजून नगरच येतं. त्यामुळं अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, “आपण नगरहून महानगरला आलो, एवढंच!” पुढं पाच दिवस हा आमचा खेळच झाला. ‘सवादी’ म्हणून नमस्कार करतात, त्यात ‘स्वस्ति’ आहे. मोगऱ्याला म्हणतात ‘मली’, ती आपली मल्लिका. शब्द ओळखीचे, पण अक्षर मात्र एकही ओळखीचं नाही. गोल गोल वेलांट्यांची ती थाई लिपी बघितली आणि पदवीधर असलेल्या माझी बोलती बंद झाली.

विमानतळावरून शहरात जायला रेल्वे आहे. ती फाया थाई या ठिकाणी संपते. तिथून उंच खांबांवरून धावणारी ‘स्कायट्रेन’ घ्यायची. ती डिसेंबर १९९९ मध्ये सुरू झाली. आम्हाला सफान ताक्सिन या नदीकाठच्या स्टेशनावर उतरायचं होतं. नाव कुणाच्या तोंडात बसेना. फुलवालीनं नकाशावर बोट ठेवलं, “ह्यो सापावानी अक्षर आन् फुडं सहा. हितं उतरायचं ना?” स्टेशनला ‘एस सहा’ असा क्रमांक आहे. सापाचं अक्षर आणि सहाचा आकडा, पाच दिवस आमचं घर हेच. आकडे तिला येतात. बाजारात बसणारी बाई आकड्यांशिवाय जगूच शकत नाही.

झेंड्याचा रंग

बँकॉक हे चाओ फ्राया नदीवरचं शहर. १७८२ मध्ये पहिल्या राम राजानं नदीच्या पूर्वकाठी राजधानी वसवली. आजही नदीतून लोकांच्या ये-जा करण्याच्या बोटी धावतात, आपल्या एस.टी.सारख्या. रस्त्यावर वाहनांची ही गर्दी असते, तेव्हा बोट बरी. पण धक्क्यावर एकामागून एक बोटी लागतात, कोणती कुठं थांबते कळत नाही. मी पाटीशी झटत बसले. फुलवाली दहा मिनिटं नुसती उभी राहून बघत होती. मग म्हणाली, “बाई, बोटीच्या शेपटाकडं झेंडा बघा. नारंगी झेंड्याच्या बोटीत कामाला जाणारी मान्सं बसतात. निळ्या झेंड्याच्यात गोरे. आपून नारंगीत बसू.”

अगदी बरोबर होतं. निळ्या झेंड्याची बोट पर्यटकांची आणि महाग. नारंगी झेंड्याची बोट साध्या माणसांची, सोळा बाथ तिकीट. बाथला तेव्हा साधारण अडीच रुपये पडत होते. कंडक्टर बाई हातातली लोखंडी नळी खडखड वाजवत येते. त्या नळीतच तिकिटं आणि चिल्लर. एस.टी.च्या कंडक्टरचा चिमटा आठवला की नाही? आम्हा चौघींना एकदमच आठवला. बोटीत भिक्खूंसाठी राखीव जागा असते आणि बायकांनी त्यांना स्पर्श होणार नाही इतकं दूर राहायचं असतं.

वाट फो या विहारात जायचं म्हणून आम्ही था तियनच्या धक्क्यावर उतरलो. तिकीट तीनशे बाथ, म्हणजे साडेसातशे रुपये. “आक्ख्या दिसाची कमाई,” असं म्हणून तिनं पैसे काढले. आत बुद्धांची पहुडलेली महापरिनिर्वाण मूर्ती आहे. छेचाळीस मीटर लांब, पंधरा मीटर उंच. एका नजरेत ती मावतच नाही, खांबांमधून थोडी थोडी बघत पुढं जावं लागतं. तळपायांवर शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांनी १०८ मंगलचिन्हं जडवली आहेत. मागच्या बाजूला १०८ कांस्यपात्रं ओळीनं ठेवलेली. लोक एकेक नाणं टाकत जातात आणि तो किणकिण आवाज सगळ्या विहारात भरून राहतो.

मला मात्र तिथं वेगळीच गोष्ट आवडली. एकोणिसाव्या शतकात तिसऱ्या राम राजानं या विहाराच्या भिंतींवर वैद्यक, काव्य, इतिहास असं बहुविध ज्ञान शिलालेखांत कोरून घेतलं. वही-पुस्तक परवडत नाही त्यानंही येऊन वाचावं. युनेस्कोनं या शिलालेखांची जागतिक स्मृती म्हणून नोंद केली आहे. मालिश कुठं आणि कसं करायचं याच्या आकृत्या दगडात कोरल्या आहेत आणि व्यायामाच्या आसनांतले ऋषींचे पुतळे बागेत उभे केले आहेत. फुलवाली प्रत्येक पुतळ्यासमोर थांबली. एकासारखा पाय वाकवून बघितला आणि म्हणाली, “ह्ये मला वाचता आलं.” आम्ही हसलो. तीही हसली.

रुईच्या फुलांचा भाव

तिसऱ्या दिवशी पहाटे चारला तिनंच आम्हाला उठवलं. पाक ख्लोंग तलात हा बँकॉकचा फुलबाजार रात्रंदिवस चालतो, पण खरी धांदल मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत. तिला तो बघायचाच होता. नदीवरच्या बोटी इतक्या पहाटे नसतात, म्हणून टॅक्सी केली.

काय तो बाजार! झेंडूचे ढीग, कमळाच्या बंद कळ्यांच्या जुड्या, ऑर्किडची खोकी, बर्फात ठेवलेला मोगरा. हातगाडीवाले “बाजूला व्हा” असं आपल्या भाषेत ओरडत अंगावरून जातात. आम्ही तिघी भांबावून एका खांबाला धरून उभ्या. फुलवाली मात्र आपल्या माहेरी आल्यासारखी पुढं. झेंडू उचलून देठ दाबून बघितला आणि म्हणाली, “कालचा हाय.” पुढच्या गाळ्यावरचा बघितला, “ह्यो ताजा.”

एका गाळ्यावर ती थबकली. पिशव्या भरून रुईची फुलं विकायला ठेवली होती. आपल्याकडं बांधावर, रेल्वेच्या कडेला उगवणारी रुई! थाई हारांत ती पांढरी-जांभळी फुलं हमखास लागतात. तिथं तिचं नाव ‘राक’ आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ माया, प्रेम. तिला हे सांगितल्यावर ती कितीतरी वेळ त्या पिशवीकडं बघत राहिली. “आपल्याकडं शेळीबी तोंड लावत नाय तिला.”

तिथं साठीच्या एक बाई लांब सुईवर मोगऱ्याच्या कळ्या ओवत बसल्या होत्या. कळ्या गोलाकार लावत जातात, मग सुईवरून एकदम दोऱ्यावर ओढतात. ही त्यांच्याशेजारी पाटावर बसली. ना भाषा, ना ओळख. त्यांनी सुई हिच्या हातात दिली. हिनं चार-पाच फेऱ्या ओवल्या, एक चुकली तेव्हा त्या बाईंनी हिच्या बोटांवर हलकेच टपली मारली. मग हिनं दोरा मागून घेतला आणि सुईशिवाय, नुसत्या गाठींवर आपली वेणी करून दाखवली. आजूबाजूच्या चारजणी बघायला जमल्या. निघताना त्या बाईंनी पैसे न घेता एक हार दिला. वेणी त्यांनी केसांत माळली नाही, गल्ल्यावरच्या बुद्धमूर्तीसमोर ठेवली.

श्रावस्तीच्या मल्लिकेची गोष्ट आपण विहारात ऐकतो. माळ्याची मुलगी, पुढं पसेनदी राजाची राणी झाली आणि राजाशी धम्मावर बरोबरीनं बोलली. परतताना सिस्टरनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. आमची मल्लिका खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

उद्यानातली पाटी

त्याच दिवशी दुपारी आम्ही सुखुमवित रस्त्यावरच्या बेंचासिरी उद्यानात गेलो. चकचकीत दुकानांच्या शेजारी हे हिरवं उद्यान आणि त्याच्या आवारात जागतिक बौद्ध बंधुत्व संघटनेचं, म्हणजे ‘वर्ल्ड फेलोशिप ऑफ बुद्धिस्ट्स’चं मुख्य कार्यालय. ही संघटना १९५० मध्ये श्रीलंकेत स्थापन झाली, त्या परिषदेला बाबासाहेब गेले होते. डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनच्या तिसऱ्या परिषदेला ते प्रकृती ठीक नसताना गेले आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या चौथ्या परिषदेला. सिस्टरचं माहेर देहूरोडचं. रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती बाबासाहेबांच्या हस्ते २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात बसवली गेली, ही गोष्ट त्यांच्या घरात पिढीजात सांगितली जाते. त्या पाटीसमोर सिस्टरचे डोळे भरून आले.

फुलवालीनं मला विचारलं, “बाई, काय लिवलंय?” मी वाचलं. “पुन्यांदा वाचा.” मी पुन्हा वाचलं. तिनं ते शब्द ओठांत घोळवले आणि पाटीवरून हात फिरवला.

सगळंच गोड होतं असं मात्र नाही, तेही सांगायला हवं. शहराच्या ऐन चौकात ब्रह्मदेवाचं देवस्थान आहे, एरावान नावाचं. १९५६ मध्ये एका हॉटेलच्या बांधकामाच्या वेळी ते उभं राहिलं. तिथं नवस फेडायला बौद्धांचीच रांग! ताईंना ते फार खटकलं. भिक्खुणींना थायलंडचा संघ मान्यता देत नाही, हे मला खटकलं. धम्मानंदा भिक्खुणी यांना २००३ मध्ये श्रीलंकेत जाऊन उपसंपदा घ्यावी लागली. देश बौद्ध आहे म्हणून सगळे प्रश्न सुटतात असं नाही. एवढं ध्यानात घेऊन आम्ही पुढं निघालो.

साम्पेंगच्या गल्लीत

चौथ्या दिवशी चायनाटाऊन. नारंगी बोटीनं राचावोंगच्या धक्क्यावर उतरलो. उतरल्या उतरल्या फुलवालीनं सगळ्यांना थांबवलं. “गर्दी हाय. कुनी चुकलंच तर शोधत फिरायचं न्हाय. जितं उतरलो तितंच यायचं. हितं, ह्या पायऱ्यांवर.”

हा तिचा सहा डिसेंबरचा नियम. लहानपणापासून ती आईबरोबर दादरला चैत्यभूमीवर येते. त्या लाखोंच्या गर्दीत आई पोरांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी घालायची आणि हरवलात तर कुठं यायचं ती जागा आधी दाखवायची. आम्ही मान डोलावली. मी तर फारसं ऐकलंही नाही.

आधी वाट त्रायमित विहारातली साडेपाच टनांची सोन्याची बुद्धमूर्ती बघितली. शेकडो वर्षं ती चुन्याच्या लेपाखाली झाकलेली होती. १९५५ मध्ये हलवताना लेप फुटला आणि आतलं सोनं दिसलं. तिथून साम्पेंगच्या गल्लीत शिरलो. पाच-सहा माणसं जेमतेम चालतील एवढी गल्ली, दोन्ही बाजूंना पिना, मणी, रिबिनी, चपला यांची घाऊक दुकानं आणि मधूनच मोटरसायकल आणि हातगाड्या. नातींसाठी मी केसांच्या पिना निवडायला थांबले. मान वर केली तर तिघींचा पत्ता नाही.

आधी हसू आलं. मग भराभर चालले. एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. फोनचं कार्ड फक्त सिस्टरच्या फोनमध्ये. पाट्या थाई आणि चिनी. इंग्रजीत विचारलं तर दुकानदार मान हलवायचे. धक्क्याचं नावच मला आठवेना! पन्नास वर्षं कागद वाचून चालायची सवय, त्यामुळं येताना रस्ता म्हणून मी बघितलाच नव्हता. घशाला कोरड पडली. भोवती हजारो अक्षरं, आणि त्यातलं एकही माझ्याशी बोलत नव्हतं.

तास असाच गेला. शेवटी पिशवीतून पेन काढलं आणि पिनांच्या पुडीवर बोटीचं चित्र काढलं. खाली पाण्याच्या लाटा. एका चहावाल्या आजींना दाखवलं. त्यांनी माझ्या दंडाला धरून गल्लीच्या टोकापर्यंत आणलं आणि सरळ बोट दाखवलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं बाराखडी शिकवलेली बाई चित्र दाखवून वाट विचारत होती.

पायऱ्यांवर तिघी बसल्या होत्या. ताई रडवेल्या, सिस्टर येरझाऱ्या घालत. फुलवाली शांत. तिच्या कनवटीला हॉटेलचं कार्ड होतं, थाई अक्षरातलं. पहिल्याच दिवशी तिनं ते मागून घेतलं होतं. “वाचता येत नाय तर दाखवता तरी यावं,” म्हणून. मला बघून म्हणाली, “बसा बाई. पानी प्या आधी.”

त्या धक्क्याच्या नावाचा अर्थ मला मागाहून कळला. राचावोंग, म्हणजे राजवंश. किती सोपं होतं लक्षात ठेवायला!

रात्रीचं बोलणं

रात्री हॉटेलात आम्ही तिचं कौतुक करत होतो. हिला झेंड्याचा रंग कळतो, हिला फुलाचा देठ कळतो, हिला वाट कळते. अक्षराशिवाय काही अडतं का हिचं? मी तर म्हणाले, “खरी शिकलेली तूच.”

तिनं हातातला कप खाली ठेवला.

“बाई, आज तुमाला किती येळ वाचता येईना?”

“तासभर.”

“तासाभरात तुमचं तोंड उतरलं. म्या शेहेचाळीस वर्सं अशीच फिरतीया. कौतुक नगं मला. औषधाच्या बाटलीवरचं इचारावं लागतं, लाईटबिलाचं इचारावं लागतं. नात वही दावती तवा ‘छान’ म्हनून सोडून द्येती. इचारायच्या आधी समोरच्याचं तोंड बघावं लागतं, आज इचारलं तर चालंल का म्हनून. झेंडं मला आवडतात म्हनून म्या बघत नाय बाई. दुसरं काय करू?”

कुणी काही बोललं नाही. मग मी तिला ती गोष्ट सांगितली, जी कुणालाच कधी सांगितली नव्हती.

१९९४ साल असावं. साक्षरता अभियानाचा रात्रीचा वर्ग माझ्याकडं होता. ती सोळा वर्षांची, नुकती लग्न होऊन आलेली. अकरा रात्री आली. पाटीवर डोकं टेकून झोपायची, कारण तिला पहाटे तीनला उठायचं असे. सही करायला शिकली आणि यायची बंद झाली. मी घरी जाऊन विचारलं नाही. महिनाअखेर आकडे द्यायचे होते. तिची सही वहीत होतीच. नावापुढं मी लिहिलं ‘नवसाक्षर’. वर्ग पूर्ण झाल्याबद्दल आम्हा शिक्षकांचं कौतुकही झालं.

ती ऐकत होती. मला वाटलं, आता उठून जाईल. पण ती जरा वेळानं म्हणाली, “म्हंजी सरकारी हिशोबात म्या तीस वर्सं वाचतीया?” आणि खो खो हसत सुटली. सिस्टर हसल्या, ताई हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. हसणं थांबल्यावर ती म्हणाली, “आता खरं करा बाई तुमचं लिवनं.”

दुपारी दोनचा वर्ग

या गोष्टीला आता वर्ष उलटून गेलं. परत आल्यावर मी पाटी-पुस्तक घेऊन संध्याकाळी सातला तिच्या घरी गेले, तर ती पेंगत होती. तीच चूक मी पुन्हा करत होते! “तुझी वेळ कोणती?” असं तिला विचारायला मला तीस वर्षं लागली. तिची वेळ दुपारी दोन. टोपली रिकामी झाल्यावर, जेवण झाल्यावर.

पहिले आठ दिवस अक्षरं तिच्या डोळ्यांपुढं पुसट व्हायची. मला वाटलं, बुद्धी चालत नाही. सिस्टरनी एका मिनिटात ओळखलं की हिला चाळिशीचा चष्मा लागलाय. सुई ती बोटांनीच ओवत होती, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. चाळिशीच्या पुढच्या कुणालाही शिकवायला बसवाल तर आधी डोळे तपासा.

अजून जोडाक्षरापाशी ती अडखळते. र-काराचे प्रकार तिला पटत नाहीत. “एका र ला इतकी सोंगं कशाला?” असं विचारते आणि माझ्याकडं उत्तर नसतं. पण एस.टी.वरचं ‘माळीवाडा’ वाचते, ‘तारकपूर’ वाचते. लाईटबिलावरचं आपलं नाव आणि शेवटची तारीख वाचते. परवा औषधाच्या पाकिटावरचं नाव तिनं एकेक अक्षर जोडत वाचलं. सिस्टरला फोन करून खात्री केली, ते बरोबर होतं.

भगिनींनो, आणि बंधूंनोही, आपल्या कितीतरी घरांत, विहारांत भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पहिला शब्द असतो ‘शिका’. त्याच भिंतीखाली बसून भाजी निवडणाऱ्या आपल्या आईला, सासूला, आत्याला तो शब्द वाचता येतो का, हे आपण कधी विचारलंय? पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी ‘नव भारत साक्षरता कार्यक्रम’ सरकारनं २०२२ ते २०२७ या काळासाठी आखला आहे. त्याची चौकशी जवळच्या शाळेत करता येते. पण वहीत नाव चढलं म्हणजे काम झालं असं समजू नका, हे मी अनुभवानं सांगते.

बँकॉकला जायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या भिशीवर आहे. अक्षरं शिकवायला मात्र भिशी लागत नाही. घरातली एक बाई निवडा आणि तिच्याजवळ बसा. फक्त वर्गाची वेळ तुम्ही ठरवू नका. तिला विचारा.